नाण्याला जागेपासून तोडू नका

जुन्या नाण्यांच्या शौकिनांमध्ये एक सल्ला हल्ली मोठ्या खात्रीनं दिला जातो. सुरुवातीला घेतलेला साधा मेटल डिटेक्टर बाजूला ठेवा, पैसे साठवा आणि वरच्या दर्जाचं यंत्र घ्या. मग खोलवरची नाणी सापडतील, कचरा उकरत बसावं लागणार नाही, खड्डेही कमी पडतील आणि इतिहासाची सेवा घडेल. हा सल्ला देणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या अनेकांना नाण्यांची मनापासून ओढ आहे आणि शिवराई हातात घेतली की त्यांचे डोळे भरून येतात, हे मी जाणतो. पण ईट, भूम, परंडा, खर्डा आणि तेर या आमच्या पट्ट्यात हा सल्ला जसाच्या तसा पाळला गेला, तर इतिहासाचं आणि खुद्द शौकिनाचंही नुकसान होईल. म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन त्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

पहिला दावा यंत्राच्या हुशारीचा. यंत्राच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातू आला तर त्या धातूतही प्रवाह उठतो आणि त्याचा उलट येणारा इशारा यंत्र टिपतं. साधं यंत्र एकाच वारंवारतेवर चालतं. मायनलॅबचं इक्विनॉक्स किंवा एक्सपीचं ड्यूस टू ही यंत्रं एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतात, मातीतल्या लोहखनिजाचा गोंगाट बराच गाळतात आणि पडद्यावर आकडा दाखवतात. लोखंडी खिळ्याचा आकडा खाली, चांदीच्या रुपयाचा वर. ही सुधारणा खरी आहे, ती मी नाकारत नाही.

प्रश्न आहे तो आमच्या जमिनीचा. बालाघाटाच्या कुशीतली ही काळी माती बेसॉल्टचा खडक झिजून झालेली. तिच्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं भरपूर असतात आणि प्रत्येक यंत्राला त्यांच्याशी झगडावं लागतं. यंत्र किती खोल बघतं याचे जाहिरातीतले आकडे पुष्कळदा हवेत नाणं धरून काढलेले असतात. काळ्या रानात तेवढी खोली मिळत नाही, महाग यंत्रालाही नाही. म्हणजे ज्या खोलीसाठी लाखाच्या घरातले पैसे मोजायचे, त्यातली बरीचशी इथली मातीच खाऊन टाकते.

त्याहून मोठी अडचण आकड्याची आहे. पडद्यावरचा आकडा धातूची वाहकता आणि वस्तूचा आकार सांगतो. ती वस्तू नाणं आहे की नाही, हे त्याला कळत नाही. हाली शिक्क्याचा चांदीचा रुपया किंवा जाडजूड तांब्याचा ढब्बू असेल तर यंत्र खणखणीत बोलेल. पण या मुलखाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोलाचं चलन सातवाहनांचं आणि त्यातला मोठा वाटा शिशाचा आणि पोटिन या मिश्रधातूचा. शिसं आणि पोटिन दोन्ही चांदीच्या मानानं कमी वाहक, त्यातून नाणी लहान आणि गंज चढलेली. त्यांचा आकडा औषधाच्या पाकिटाची चांदी, बाटलीचं बूच आणि गुटख्याची पुडी यांच्या आसपासच येतो. आता शौकिनापुढे दोनच वाटा उरतात. खालचे आकडे गाळले तर तगर नगरीतल्या, म्हणजे प्राचीन तेरच्या, बाजारपेठेचं नाणं पायाखाली राहतं. न गाळावे तर दर इशाऱ्याला खड्डा. 'प्रगत यंत्र म्हणजे कमी खड्डे' हा दावा युरोपातल्या चांदीच्या नाण्यांच्या शेतात खरा ठरत असेल, आमच्या पांढरीवर तो टिकत नाही.

पांढरीवर म्हणजे नेमकं कुठे, हे समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच आहे. आमच्या गावांना काळीचं रान असतं तसं पांढरीचं टेकाडही असतं. माणसं पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उठल्या आणि राख, शेण, हाडं, खापरं यांचे थर चढत गेले, त्यातून ते टेकाड उभं राहिलं. नाणी शोधणाऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे खुरप्यानं वीतभर खणून पाहिलं तर काय दिसतं? वर भुरी, भुसभुशीत माती. तिच्याखाली बोटभर जाडीचा राखेचा पट्टा, त्यात कोळशाचे कण. त्याखाली चोपून केलेली जमीन, तिला चिकटलेलं लाल चकचकीत खापर, एखादा शंखाच्या बांगडीचा तुकडा. नाणं त्या चोपलेल्या जमिनीवर पडलेलं असेल तर ती जमीन त्या नाण्याच्या काळात किंवा त्यानंतर वापरात होती. ते जमिनीखाली असेल तर जमीन नाण्यानंतर तयार झालेली. राखेच्या वर असेल तर ते जाळपोळीनंतर पडलं. एका नाण्यावरून एका घराचा काळ ठरतो तो असा. शौकिनाचं खुरपं हे तिन्ही थर एकाच हिसक्यात कालवून टाकतं. नाणं वर येतं, खड्डा बुजवला जातो, वरून पाहणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतही नाही. पण त्या जागी पुन्हा कोणी कधी उत्खनन केलं तरी तो पुरावा परत मिळणार नाही.

यंत्र जितकं खोल बघणार तितका खड्डा खोल जाणार, हे साधं गणित आहे. स्वस्तातलं यंत्र चार बोटं खाली पाहतं, म्हणजे बहुधा नांगरानं आधीच उलथलेल्या मातीत. महाग यंत्र त्याखालच्या न हललेल्या थरापर्यंत पोहोचतं. यंत्राची पायरी चढणं म्हणजे इथे नुकसानीत आणखी एक पायरी खाली उतरणं आहे.

मोठ्या साठ्याच्या बाबतीत जागेचं हे मोल आणखी ठसठशीत दिसतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला छाप मारलेला. जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या चलनावर आपली मुद्रा उमटवली, हा सातवाहनांच्या इतिहासातला एक अत्यंत भक्कम पुरावा. त्याचं बळ एका सुट्या नाण्यात नाही. इतकी नाणी एका जागी मिळाली आणि मोजली गेली, म्हणून छाप मारलेल्या आणि न मारलेल्या नाण्यांचं प्रमाण कळलं. तीच नाणी पाच-पन्नास जणांच्या खिशांतून पांगली असती, तर आज प्रत्येकाच्या संग्रहात एक देखणं नाणं असतं आणि सातकर्णीच्या विजयाचा एवढा मोठा साक्षीदार आपल्या हातून गेला असता.

दुसरा दावा नांगराचा आणि जेसीबीचा. 'आम्ही नाणं काढलं नाही तर रोटाव्हेटर त्याचे तुकडे करील, खताच्या क्षारांनी ते सडेल, जेसीबीवाला टेकाडच भरून नेईल.' या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी ट्रॉल्या भरून नेण्याची चाल मराठवाड्यात जुनी आहे आणि तिनं कितीतरी वसाहतींच्या जागा गिळल्या आहेत. ते नुकसान डिटेक्टरवाल्याच्या नुकसानीहून मोठं आहे, हेही मान्य. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. नांगराचा धोका असतो नांगरटीच्या थरात. तिथे पडलेल्या नाण्याची खोली तशीही फारशी काही सांगत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू त्या भेगेतून खाली जाते आणि पावसाळ्यात माती फुगली की पुन्हा घुसळली जाते. पण ते नाणं कोणत्या गटात, बांधापासून किती अंतरावर पडलं होतं, ही माहिती तिथेही शाबूत असते. नाणं वाचवायचंच असेल तर नांगरटीपुरतं वाचवा, वरवरचं उचला, जागा टिपा आणि कळवा. त्यासाठी न हललेल्या थरात शिरणारं यंत्र कशाला हवं? आणि जेसीबी टेकाडाला भिडत असेल तर तहसीलदाराकडे तक्रार देणं, ग्रामसभेत विषय काढणं हा त्यावरचा उपाय आहे. दुसऱ्यानं भिंत पाडली म्हणून आपण कौलं काढून न्यावीत, हा काही बचाव होत नाही.

तिसरा दावा इंग्लंडचा. तिकडे हजारो लोक डिटेक्टर घेऊन फिरतात, कायदाही त्यांना मान देतो, मग आपणच मागास का, असं विचारलं जातं. इंग्लंडचं उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं. तिथे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या जागी सरकारी संमतीशिवाय यंत्र चालवणं गुन्हा आहे. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार ठरावीक प्रकारची सापड चौदा दिवसांच्या आत अधिकाऱ्याला कळवावी लागते. आणि १९९७ पासून तिथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची व्यवस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले अधिकारी लोकांनी आणलेली किरकोळ वस्तूही जागेसह नोंदवून घेतात. तिथल्या शौकिनांना मान मिळाला तो या नोंदींमुळे.

२०१० साली सॉमरसेटमधल्या फ्रोम इथे डेव्ह क्रिस्प नावाच्या शौकिनाला रोमन नाण्यांचा घडा लागला. नाणी हाताला लागताच त्यानं हात आखडता घेतला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी तो घडा थराथरानं रिकामा केला. आत ५२,५०३ नाणी होती. उशिराच्या काळातली, कॅरॉशियस या सत्ताधीशाची नाणी घड्याच्या तोंडाशी असायला हवी होती. ती निघाली बरीच खालच्या थरात. म्हणजे घडा वर्षानुवर्षं थोडा थोडा भरलेला नव्हता, तो एकदमच भरला होता. हा निष्कर्ष कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर उमटला नसता. तो एका माणसानं खुरपं खाली ठेवल्यामुळे हाती आला. इंग्लंडकडून उचलायचं असेल तर हे उचला. शेजारच्या आयर्लंडनं तर १९८७ च्या कायद्यानं पुरावस्तू शोधण्यासाठी विनापरवाना डिटेक्टर वापरण्यावर बंदीच घातली, ही गोष्ट या चर्चेत कोणी सांगत नाही.

चौथा दावा कायद्याचा. खरं तर तो दावा नाही, तक्रार आहे. 'माझं शेत, माझं नाणं. सरकारला कळवलं की नाणीही जातात आणि चकरा मात्र मागे लागतात.' भारतीय निखात निधी कायदा १८७८ सालचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं अमेरिकेच्या जखमी अध्यक्षांच्या शरीरातली गोळी शोधायला विद्युतयंत्र वापरलं ते १८८१ मध्ये, म्हणजे हा कायदा डिटेक्टरहूनही वयानं मोठा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती काय, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं तो सांगतो. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि सापडणाऱ्याचा हिस्साही जातो. पण याच कायद्यात दुसरी बाजू आहे आणि ती गावात कोणी सांगत नाही. साठ्याला कोणी मालक नाही असं ठरलं आणि जागेच्या मालकाशी वाद नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजून घ्यावा लागतो. शेतकरी स्वतःच्याच रानात सापडलेल्या वस्तूची नोंद देतो तेव्हा तो गुन्हेगार नसतो, हक्कदार असतो.

दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद आहे आणि धातूच्या किमतीवर ठरणारा मोबदला शिशाच्या नाण्याला अपमानास्पद आहे, हे मी ठासून सांगतो. कायदा बदलायलाच हवा. पण तो बदलेपर्यंत गुपचूप खणण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे, ते देशाबाहेर नेता येत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित जागी विनापरवाना खणता येत नाही, राज्याचा १९६० चा कायदाही आहेच. गुपचूप काढलेलं नाणं गुपचूपच विकावं लागतं, त्याचा ठावठिकाणा खोटा सांगावा लागतो. आणि खोटा ठावठिकाणा असलेलं नाणं अभ्यासकाला नसलेल्या नाण्याहून वाईट, कारण ते त्याला चुकीच्या गावाला नेतं.

पाचवा युक्तिवाद मला सर्वांत जिव्हारी लागतो, कारण तो आमच्या माणसाचं नाव घेऊन केला जातो. 'तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी तरी वेगळं काय केलं? त्यांनीही गोळाच केलं ना?' गोरोबाकाकांचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लसमध्ये आणि टॉलेमीच्या ग्रंथात नोंदलेली व्यापारी पेठ. जे. एफ. फ्लीट यांनी ती ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी पटवून दिली. पुढे चापेकरांनी तिथे १९५८ मध्ये उत्खनन केलं. लामतुरे हे त्याच गावचे. पावसानं उघडं पाडलेलं, माती काढताना वर आलेलं ते जमवत राहिले. त्यांनी मणी उचलले, खापरं उचलली, भाजक्या मातीच्या मूर्ती उचलल्या, हस्तिदंत जपला. जे बाजारात कवडीमोलाचं ते त्यांच्या लेखी अमोल होतं. आणि सगळं एकत्र, तेरमध्येच ठेवलं, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे. डिटेक्टर यातलं काय उचलतो? मणी त्याला दिसत नाही, खापर दिसत नाही. पाँपेईत सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती बाहुलीची सख्खी बहीण शोभावी अशी तेरची हस्तिदंती मूर्ती त्याच्या चकतीखालून गेली असती आणि यंत्र गप्प राहिलं असतं. लामतुरे यांचं नाव घ्यायचं तर त्यांच्यासारखं सगळं जपावं लागेल.

संग्रह करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. नाणं घरी आणल्यावर चिंचेच्या कोळात भिजवणं, लिंबू चोळणं, राखेनं घासणं बंद करा. तांब्याच्या शिवराईवर चढलेला हिरवट-करडा थर म्हणजे मळ नाही. आम्लानं तो उतरला की खाली गुलाबी, खड्डे पडलेला धातू उघडा पडतो, 'श्री राजा शिव' या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि 'छत्रपति'तलं जोडाक्षर वाचता येईनासं होतं. शेकडो वर्षं मातीनं जपलेली अक्षरं अर्ध्या तासात जातात.

मग डिटेक्टर टाकूनच द्यायचा का? नाही. तो योग्य हाती आणि योग्य पद्धतीनं फार मोठं काम करू शकतो. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळून गेलं. पुढच्या वर्षीपासून पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांसह तिथे डिटेक्टर फिरवले, प्रत्येक गोळी आणि पुंगळी जिथे सापडली ती जागा नकाशावर मांडली आणि कोणती तुकडी कुठून कुठे सरकली याचा माग काढला. आता आमच्याकडे बघा. ईटहून फार लांब नसलेल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. तिथल्या रानांत शिशाच्या गोळ्या असतील, लोखंडी गोळ्यांचे तुकडे असतील. त्या जागच्या जागी नोंदल्या गेल्या तर फौजा कशा उभ्या होत्या हे रानच सांगेल. नाण्यांमागे लागलेला माणूस मात्र यंत्रावर लोखंड गाळून टाकतो, शिशाची गोळी कचरा म्हणून बांधावर फेकतो आणि एक रुपया खिशात घालून निघून जातो. महाग यंत्राचा सर्वांत गाजावाजा केलेला गुण म्हणजे लोखंड वगळणं. रणभूमीवर तोच गुण पुरावा पुसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. वरच्या यंत्रासाठी साठवलेले पैसे असतील तर ते यंत्रात घालू नका. हाती असलेल्या साध्या यंत्रानं हरवलेली अंगठी शोधा, मातीत गेलेला नांगराचा फाळ शोधा, पाण्याची पुरलेली लोखंडी पाइपलाइन शोधा. पांढरीवर, गढीवर, पडक्या देवळाभोवती ते चालवू नका. रानात नाणं वर आलंच तर पुढे खणू नका. फोटो काढा, गट नंबर आणि तारीख वहीत लिहा, मोबाइलवरून ठिकाणाची खूण घ्या, तलाठ्याला सांगा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आणि मागणी करायची तर यंत्राची करू नका, व्यवस्थेची करा. तेरच्या संग्रहालयात नोंद घेणारा एक अधिकारी द्या. गावातल्या माणसानं खापर आणलं तरी त्याची जागेसह नोंद करून त्याच्या हाती पावती मिळू द्या. दहा रुपयांची मर्यादा बदला, मोबदला धातूच्या वजनावर न ठरवता ऐतिहासिक मोलावर ठरवा. आणि ज्यांच्याकडे आज चांगली यंत्रं आहेत, त्या शौकिनांना राज्य पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली खर्ड्याच्या रणभूमीची पाहणी करायला बोलवा. त्यांचा हात तरबेज आहे आणि कान तयार आहेत. त्यांना फक्त नोंदीची शिस्त लागायची आहे. या मागणीच्या अर्जावर सही करायला मी सर्वांत पुढे असेन आणि महागड्या यंत्राची तरफदारी करणाऱ्या माझ्या मित्रांनी माझ्या शेजारी उभं राहावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.